रेडिएटर फॅन फिरेना: टेस्ट लॅम्प, मल्टिमीटर की ओबीडी डोंगल?

रेडिएटरचा फॅन बंद पडला म्हणून गाडी गॅरेजला लावली, की पुष्कळदा आधी नवी मोटर बसते आणि खरा दोष त्यानंतर सापडतो. कधी तो फ्यूज असतो, कधी रिले (बारीक करंटनं मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), तर कधी हेडलाइटच्या मागे गंजलेला अर्थचा, म्हणजे बॅटरीच्या निगेटिव्हकडं परतणारी वायर बॉडीला जोडणारा, बोल्ट. मोटरचे पैसे तोवर गेलेले असतात. हा उलटा क्रम टाळायला तीन वस्तू पुरतात: २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प, साधा डिजिटल मल्टिमीटर आणि ब्लूटूथचा ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावून इंजिनचे आकडे फोनवर दाखवणारी डबी). हे परीक्षण या तिन्हींचं आहे, पण फक्त फॅनच्या दोषापुरतं.

निकाल आधीच सांगतो. टेस्ट लॅम्प तिघांत सगळ्यात स्वस्त आणि या कामात सगळ्यात खरा. मल्टिमीटर हवाच, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर मोटर बदलू नये. डोंगल २०१३ नंतरच्या गाड्यांना फार उपयोगी, मात्र विकणारे सांगतात त्यातलं अर्धंही तो फॅनच्या बाबतीत करत नाही.

बेळगावची हवा थंड, म्हणून फॅनकडं वर्षभर कुणाचं लक्ष जात नाही. चालत्या गाडीला समोरून वारा मिळतो तोवर फॅनची गरजही फारशी पडत नाही. दोष उघडा पडतो तो टिळकवाडीच्या रेल्वे गेटला थांबल्यावर, खडेबाजारात अडकल्यावर, नाहीतर उसाच्या हंगामात निपाणी-चिकोडी-संकेश्वरकडं दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या मागं रांगत जाताना. सगळ्यात वाईट जागा म्हणजे घाट. गोव्याकडून चोर्ला चढताना किंवा सावंतवाडीकडून आंबोली चढताना गाडी दुसऱ्या गिअरवर असते, इंजिनवर पूर्ण ताण असतो आणि वेग वीस-पंचवीसचा. वारा नाही, उष्णता भरपूर. तिथं फॅन नसेल तर काटा बघता बघता लाल पट्ट्यात जातो.

यातच पहिलं निदान आहे आणि त्याला काहीच विकत घ्यावं लागत नाही. थांबल्यावर काटा चढतो आणि हायवेला ऐंशीच्या वेगानं पाच मिनिटं पळवल्यावर उतरतो, तर संशय फॅनवर. उलट हायवेलाच चढत असेल, तर फॅनला हात लावू नका. कुलंट (इंजिन गार ठेवणारं रेडिएटरमधलं पाणी) कमी असणं, रेडिएटर आतून चोंदणं, थर्मोस्टॅट अडकणं, वॉटर पंप किंवा हेड गास्केट, असं काहीतरी ते असतं. कुलंटची पातळी इंजिन पूर्ण गार असतानाच बघायची. गरम रेडिएटरचं झाकण कधीही उघडायचं नाही, कारण आतलं पाणी दाबाखाली शंभर अंशांच्या वर गेलेलं असतं आणि झाकण सुटताच त्याची वाफ होऊन अंगावर येते. पातळी कमी असेल तर आधी ती भरा, गळती शोधा आणि मगच फॅनकडं वळा. तापमानाचा सेन्सर कुलंटमध्ये बुडालेला नसेल तर त्याला वाफ किंवा हवा लागते, तो कमी तापमान सांगतो आणि फॅनला हुकूमच जात नाही. फॅन ठणठणीत असूनही गाडी उकळते ती अशी.

दुसरी फुकटातली चाचणी एसीची. इंजिन चालू करून एसी लावा. बहुतेक गाड्यांत एसी लागला की फॅन लगेच किंवा थोड्याच वेळात फिरतो. एसीवर फिरतो पण इंजिन तापल्यावर फिरत नाही, तर मोटर, फ्यूज आणि अर्थ बहुधा ठीक आहेत आणि दोष सेन्सरकडं आहे. दोन फॅनच्या गाडीत मात्र एसीचा फॅन वेगळा असू शकतो, तेव्हा फिरतोय तो कुठला हे वाकून बघा. आणि बघताना ओढणी, सैल बाही, हात पात्यापासून लांब ठेवा. काही गाड्यांत चावी काढल्यावरही फॅन आपोआप सुरू होतो.

जुन्या बोलेरो, सुमोसारख्या गाड्यांत इंजिनच्या पट्ट्यावर फिरणारा फॅन असतो. त्यात वायरच नाही, म्हणून यातली कुठलीही वस्तू तिथं कामाची नाही.

२१ वॅटचा टेस्ट लॅम्प

बाजारात दोन प्रकारचे टेस्टर मिळतात. एक पेचकसाच्या आकाराचा, टोकाला सुई आणि आत बारीक बल्ब किंवा एलईडी. तो सिग्नलच्या बारीक वायरी तपासायला चांगला, पण फॅनसाठी अपुरा. फॅनसाठी हवा तो इंडिकेटरचा एकेरी फिलामेंटचा २१ वॅटचा बल्ब. तो होल्डरमध्ये बसवून त्याला दीड चौरस मिलिमीटरच्या दोन लांब वायरी, टोकांना क्रोकोडाइल क्लिप आणि एका वायरीत ५ अँपियरचा इनलाइन फ्यूज. निपाणी, खानापूर, बेळगाव, कुठल्याही ऑटो इलेक्ट्रिकलच्या दुकानात हे सामान सुटं मिळतं आणि दोनशे रुपयांच्या आत काम होतं. तयार मिळणाऱ्या लॅम्पपेक्षा हाच चांगला, कारण तयार लॅम्पमध्ये बल्ब साधारण ५ वॅटचा किंवा त्याहून लहान असतो.

वॅटवर एवढा भर का? लहान गाडीच्या फॅनची मोटर सुमारे १२० वॅटची धरली तर ती दहा-एक अँपियर ओढते. मल्टिमीटर मात्र नावापुरताच करंट ओढतो. समजा फॅनकडं जाणारी वायर आतून कुजली आहे आणि तिची एकच, तीही गंजलेली, तार जोडलेली राहिली आहे. मल्टिमीटर तिथं १२.४ व्होल्ट दाखवणार आणि मेकॅनिक म्हणणार, "सप्लाय बरोबर आहे, मोटर गेली." त्याच जागी २१ वॅटचा बल्ब लावला तर तो पावणेदोन अँपियर मागतो, एका तारेतून तेवढा करंट धड येत नाही आणि बल्ब मिणमिणतो. दोष डोळ्यांना दिसतो. आमच्या मते या भागात विनाकारण बदलल्या जाणाऱ्या मोटरींचं सगळ्यात मोठं कारण हे बिनभाराचे बारा व्होल्ट आहेत.

वापरायची पद्धत अशी. आधी लॅम्प थेट बॅटरीच्या दोन टोकांना लावून त्याचा पूर्ण उजेड बघून ठेवा. मग इंजिन बंद असताना फॅनचं कपलर (वायरी जोडणारा प्लॅस्टिकचा प्लग) सोडवा आणि गाडीकडच्या बाजूच्या दोन पिनांना लॅम्पच्या क्लिपा लावा. क्लिप बसत नसेल तर योग्य मापाची सुटी पिन आत घालून तिला क्लिप लावा. पेचकस कोंबून पिन रुंद करू नका, नंतर तीच ढिली बसते. आता इंजिन चालू करून एसी लावा, किंवा इंजिन तापू द्या. लॅम्प पूर्ण उजेडानं लागला, तर वीज आणि अर्थ दोन्ही कपलरपर्यंत येत आहेत. कपलर जोडल्यावरही फॅन फिरत नसेल, तर मोटर किंवा कपलरची पिन, एवढंच उरतं.

लॅम्प लागला नाही किंवा मंद लागला, तर अर्थकडची क्लिप तिथून काढून बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. आता पूर्ण लागला तर अर्थ खराब. तरीही मंद, तर पॉझिटिव्ह बाजूची वायर, फ्यूज किंवा रिले. एक क्लिप इकडून तिकडं नेली एवढंच, पण अर्धं सर्किट संशयातून बाहेर पडतं.

मग बोनेटखालच्या फ्यूज बॉक्सकडं. फॅनचा फ्यूज गाडीप्रमाणे २० ते ४० अँपियरचा असतो. फ्यूजच्या पाठीवर दोन बारीक उघडे ठिपके असतात, लॅम्पची एक क्लिप बॅटरी निगेटिव्हला ठेवून दुसरी दोन्हींवर आळीपाळीनं टेकवून बघा. एका बाजूला लागतो आणि दुसऱ्या बाजूला नाही, तर फ्यूज उडालाय. उडालेला फ्यूज बदलून गाडी देऊन टाकणं हे अर्धं काम आहे. फ्यूज उडाला म्हणजे मोटर जाम होत असेल किंवा वायर कुठंतरी घासून बॉडीला लागत असेल. बॅटरीचं निगेटिव्ह सोडवून पातं हातानं फिरवून बघा. ते हलकं फिरून थोडं रेंगाळत थांबायला हवं. अडखळत असेल, खरखरत असेल किंवा पातं वर-खाली हलत असेल तर बुश (मोटरच्या दांड्याला आधार देणारी कडी) गेला. आणि फ्यूज सारखा उडतो म्हणून ३०च्या जागी ४०चा घालणं हा गुन्हाच समजावा. मग फ्यूजऐवजी वायर वितळते.

त्यानंतर रिले. चार पिनांच्या रिलेवर बहुधा ३०, ८५, ८६, ८७ असे आकडे असतात: ३० आणि ८७ फॅनच्या मोठ्या करंटचे, ८५ आणि ८६ रिलेच्या कॉइलचे. रिले उपसून ३० नंबरच्या भोकात लॅम्प लावा, दुसरी क्लिप बॅटरी निगेटिव्हला. बहुतेक गाड्यांत तो कायम लागतो, काहींत चावी फिरवल्यावर. तिथं उजेड आला की अडीच चौरस मिलिमीटरच्या वायरीनं, फॅनच्याच मापाचा इनलाइन फ्यूज मध्ये घालून, ३० आणि ८७ जोडा. फॅन फिरला तर मोटर, अर्थ आणि जाड वायरिंग सगळं निर्दोष. दोष रिलेत किंवा हुकमात. नाही फिरला तर दोष रिलेपासून पुढं फॅनकडं. हीच एक चाचणी करायला वेळ असेल तर हीच करा. काही गाड्यांत रिले अर्थच्या बाजूला असतो, तिथं ३०च्या भोकात वीज न दिसता अर्थ दिसतो. म्हणून लॅम्प लागला नाही तर दुसरी क्लिप पॉझिटिव्हला लावून एकदा बघा.

रिले तपासायचा तर त्याच आकड्यांचा, त्याच पिनांचा दुसरा रिले, बहुधा हॉर्नचा, तिथं घालून बघा. नुसता "टक्" आवाज आला म्हणजे रिले चांगला असं धरू नका. आवाज कॉइलचा असतो. आतले पॉइंट जळून काळे पडले तरी आवाज येतच राहतो.

लॅम्पचा एक मोठा धोका सांगायलाच हवा. रिलेच्या ८५-८६ पैकी एक वायर बहुधा ईसीयूकडून, म्हणजे इंजिनच्या संगणकाकडून येते. रिलेच्या कॉइलला जेमतेम ०.१५ अँपियर लागतो आणि ईसीयूच्या आतला भाग तेवढ्यासाठीच बनवलेला असतो. तिथं २१ वॅटचा बल्ब लावला तर त्याच्या दहापट-बारापट करंट खेचला जाईल. फॅन राहिला बाजूला, ईसीयू दुरुस्तीला जाईल. त्या वायरीला फक्त मल्टिमीटर किंवा एलईडीचा टेस्टर. पिवळ्या कपलरच्या एअरबॅगच्या वायरींना तर कुठलाच टेस्टर नको. सुईनं वायरीचं कव्हर टोचूही नये. आपल्याकडच्या पावसाळ्यात त्या भोकातून पाणी शिरतं आणि पुढच्या वर्षी तिथली तांब्याची तार हिरवी होऊन तुटते.

मल्टिमीटर

दोन-तीनशे रुपयांचा, ९ व्होल्टच्या चौकोनी बॅटरीचा साधा मीटर फॅनच्या कामाला पुरतो. महागाची गरज नाही, पण स्वस्तातले दोन दोष माहीत हवेत. आतली बॅटरी उतरली की हे मीटर आकडा वाढवून दाखवतात. गाडीची बॅटरी इंजिन बंद असताना साडेतेरा-चौदा दिसायला लागली, तर आधी मीटरची बॅटरी बदला. दुसरा दोष घातक आहे. १० अँपियरच्या सॉकेटजवळ बहुधा "अनफ्यूज्ड" असं छापलेलं असतं, म्हणजे आत फ्यूज नाही. फॅनचा करंट त्यातून मोजायचा प्रयत्न करू नका. मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या करंटच्या दुपटी-तिपटीनं ओढते. मीटर जातो, वायर तापून हात भाजतो.

मीटरचं खरं काम दोष कुठं आहे ते नेमकं गाठणं. लॅम्पनं अर्थ खराब असल्याचं दाखवलं, पण नेमकं कुठं? फॅन चालू ठेवा (हवं तर रिलेच्या जागी जंपर, म्हणजे ३० आणि ८७ जोडणारी ती फ्यूजची वायर, घालून), मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल सुई फॅनच्या कपलरच्या मागून अर्थच्या पिनेला. ०.२ व्होल्टपर्यंत चालेल. अर्धा, एक, दीड व्होल्ट दिसला तर तेवढा दाब अर्थच्या वाटेत वाया जातोय. आता लाल सुई वाटेवर पुढं नेत जा: बॉडीवरचा अर्थचा बोल्ट, मग बॉडी, मग बॅटरीकडची अर्थची केबल. आकडा जिथं एकदम पडतो, दोष त्याच्या अलीकडच्या जोडात. पॉझिटिव्ह बाजूलाही असंच, बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून कपलरच्या पॉझिटिव्ह पिनेपर्यंत. तिथं अर्ध्या व्होल्टपर्यंत सोडून द्या, त्याच्यावर शोधा. ही मोजणी फॅन चालू असतानाच करायची. बंद फॅनवर मोजलेला आकडा काहीच सांगत नाही.

वायर तपासायला मीटरचा बीप वापरण्याची सवय इथं फसवते. एक तार शिल्लक असली तरी बीप वाजतोच.

रेझिस्टन्सवर मीटर दोन ठिकाणी उपयोगी पडतो. रिलेची कॉइल, ८५ ते ८६, साधारण ७० ते १०० ओहम. आणि तापमानाचा सेन्सर: बहुतेक गाड्यांत २० अंशांना दोन-अडीच हजार ओहम, ८० अंशांना तीनशेच्या आसपास, शंभरला दोनशेच्या खाली. पातेल्यात पाणी तापवत सेन्सरचं टोक त्यात धरून आकडा एकसारखा उतरतोय का बघा. मध्येच उडी मारत असेल तर सेन्सर बदला. जुन्या कार्बुरेटरच्या गाड्यांत सेन्सरऐवजी साधा थर्मोस्विच असतो. दोन पिनांचा असेल तर त्याच्या कपलरच्या दोन पिना एकमेकांना जोडल्या की फॅन फिरायला हवा. फिरला तर स्विच गेला किंवा तो गरमच होत नाहीये.

ओबीडी डोंगल

ओबीडी म्हणजे गाडीनं स्वतःचे दोष ओळखून नोंदवण्याची व्यवस्था. भारतात चारचाकींना तिचा पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा (ओबीडी-२) एप्रिल २०१३ पासून सक्तीचा झाला. त्यामुळं २०१३ नंतरच्या गाडीत स्टिअरिंगखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला हा डोंगल लावून फोनवर कुलंटचं तापमान वाचता येतं. त्याआधीच्या गाडीशी तो बोलेल याची खात्री नाही. सॉकेट बसलं तरी जोडणी होईलच असं नाही.

मिळतात ते बहुतेक ईएलएम ३२७ चिपच्या नकला. मूळ चिप बनवणारी कंपनी २०२२ मध्ये बंद झाली. नकलांवर "व्ही १.५" किंवा "व्ही २.१" असं छापलेलं असतं आणि मोठा आकडा म्हणजे चांगला माल, असा समज आहे. प्रत्यक्षात "२.१"च्या अनेक नकला गाडीशी बोलण्याच्या काही पद्धती (प्रोटोकॉल) सोडून देतात आणि काही गाड्यांशी जोडल्याच जात नाहीत. परत करायची सोय असेल तिथूनच घ्या आणि त्याच दिवशी स्वतःच्या गाडीवर लावून बघा. जुन्या पद्धतीच्या ब्लूटूथचा डोंगल आयफोनला चालत नाही, त्याला वायफायचा किंवा ब्लूटूथ लो एनर्जीचा लागतो. अँड्रॉइडवर टॉर्क किंवा कार स्कॅनर ही अॅप्स पुरेशी आहेत.

फॅनच्या कामात डोंगलची सगळ्यात चांगली चाचणी सकाळी होते. रात्रभर उभ्या गाडीत इंजिन चालू न करता चावी फिरवा आणि दोन आकडे बघा: कुलंट आणि आत जाणारी हवा. दोन्ही बाहेरच्या हवेइतके, एकमेकांपासून चार-पाच अंशांच्या आत हवेत. कुलंट दहा-पंधरा अंशांनी वेगळं दिसलं तर सेन्सर खोटं बोलतोय. उणे ४० दिसलं तर सेन्सरची वायर तुटलीय किंवा कपलर सुटलंय.

मग एसी बंद ठेवून इंजिन जागेवर चालू ठेवा. थर्मोस्टॅट ८०-९०च्या दरम्यान उघडतो, फॅन बहुतेक गाड्यांत ९५ ते १०५च्या दरम्यान लागतो. आकडा १०५च्या वर चढला आणि फॅन शांत, तर इंजिन बंद करा आणि टेस्ट लॅम्प हाती घ्या. आकडा ८०-८५वरच अडकलाय पण रेडिएटरच्या वरच्या होजला (रबरी पाइपला) हात लावता येत नाही इतका तो तापलाय आणि टाकीत बुडबुडे येतायत, तर सेन्सर किंवा आत अडकलेली हवा. डोंगल नसताना याची ढोबळ चाचणी म्हणजे चालू इंजिनमध्ये सेन्सरचं कपलर काढणं. बहुतेक ईसीयू सावधगिरी म्हणून फॅन लगेच चालू करतात. फॅन लागला तर ईसीयूपासून मोटरपर्यंतची वाट चांगली. नंतर ईसीयूत नोंदला गेलेला दोषाचा कोड पुसायला विसरू नका.

आता कोड. पी ०११७ म्हणजे सेन्सरचा सिग्नल फार कमी, शॉर्ट. पी ०११८ म्हणजे फार जास्त, वायर तुटलेली. पी ०४८० हा फॅनच्या कंट्रोल सर्किटचा कोड आणि याच्याइतका गैरसमज दुसऱ्या कुठल्या कोडबद्दल नसेल. स्क्रीनवर "फॅन" वाचलं की मोटर मागवली जाते. रिलेच्या गाडीत ईसीयूला मोटर दिसतच नाही. त्याला दिसते ती रिलेच्या कॉइलची बारीक वायर. म्हणून पी ०४८० आला तर रिले, त्याचं सॉकेट आणि ती वायर बघायची. उलट मोटर जळून खाक झाली तरी त्या गाडीत बहुधा फॅनचा एकही कोड येत नाही. "स्कॅन केला, काही निघालं नाही" याचा अर्थ फॅन चांगला, असा मुळीच नाही.

फॅन हुकूम देऊन फिरवून बघणं हे काम मोठे स्कॅनर करतात. स्वस्त डोंगल आणि साधं अॅप बहुतेक गाड्यांत ते करू शकत नाहीत, जाहिरातीत काहीही लिहिलेलं असो. तरीही घाटातून जाणाऱ्यांनी डोंगल घ्यावा असंच आमचं मत. अनेक छोट्या गाड्यांत तापमानाचा काटाच नसतो, नुसता दिवा असतो. काटा असतो तिथंही तो पुष्कळदा मुद्दाम मधोमध स्थिर ठेवलेला असतो, खरं तापमान पंधरा-वीस अंशांनी वर-खाली झालं तरी हलत नाही. अॅपमध्ये १०५ला अलार्म लावून ठेवला तर लाल दिव्याच्या बऱ्याच आधी कळतं. काम झाल्यावर डोंगल उपसून ठेवा. गाडी आठवडे उभी राहिली तर तो बॅटरी खात राहतो.

दोन वेगांचा आणि मॉड्यूलचा फॅन

दोन वेगांच्या फॅनमध्ये कमी वेगासाठी बहुधा फॅनच्या चौकटीवर एक रेझिस्टर (करंट कमी करणारा भाग) असतो आणि तो जळतो. लक्षण ठरलेलं: फॅन बराच वेळ गप्प, मग एकदम विमानासारखा घोंघावत लागतो आणि थोड्या वेळात बंद. थांबलेल्या गाडीत एसी गार करत नाही. अशा वेळी मोटर चांगली असते, रेझिस्टर तेवढा बदलायचा.

अलीकडच्या काही गाड्यांत रिलेऐवजी मॉड्यूल (फॅनचा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर) असतं आणि वेग हवा तसा कमी-जास्त होतो. दोन जाड वायरी आणि एक-दोन बारीक, अशी त्याची ओळख. इथं जंपर घालायचा नाही. दोन जाड वायरींवर लॅम्पनं वीज आणि अर्थ बघा, बारीक वायर मल्टिमीटरपुरतीच. जाड वायरी बरोबर आणि बारीक वायरीवर तापल्यावर आकडा बदलतोय तरी फॅन मुका, तर मॉड्यूल किंवा मोटर.

आपल्या भागात काय जास्त बिघडतं

जांबोटी-कणकुंबी-खानापूर पट्ट्यातली लाल माती ओली असताना कंडेन्सर (रेडिएटरच्या पुढची एसीची जाळी) आणि रेडिएटरच्या जाळीत बसते आणि उन्हाळ्यात विटेसारखी घट्ट होते. मग फॅन फिरत असूनही गाडी तापते आणि दोष फॅनच्या माथी जातो. ऊस पट्ट्यात हेच काम पाचटाचा भुसा करतो. जाळी धुवायची ती इंजिनकडून बाहेर, साध्या पाइपच्या पाण्यानं. सर्व्हिसिंगच्या प्रेशर गनचा फवारा जवळून मारला की फिन (जाळीच्या पातळ पट्ट्या) झोपतात आणि मोटरच्या बुशात, कपलरमध्ये पाणी शिरतं. पावसाळ्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी बंद पडणारे फॅन पुष्कळदा याच कारणाचे. शेताजवळ उभ्या गाड्यांत उंदीर वायर कुरतडतात, विशेषतः रेडिएटरच्या वरून जाणारा गुच्छ.

अर्थचा बोल्ट बहुधा हेडलाइटच्या मागं किंवा बॅटरीच्या ट्रेखाली असतो. सोडवा, बॉडी आणि रिंग दोन्ही सँडपेपरनं चकचकीत करा, आवळा आणि वरून पेट्रोलियम जेली लावा. कपलर उघडल्यावर प्लॅस्टिक तपकिरी पडलेलं किंवा वितळलेलं दिसलं, तर दोन्ही बाजूंची कपलरं बदला. एकच बदललं तर जुन्या बाजूची ढिली पिन नव्यालाही जाळते. जोड क्रिंप करून (धातूच्या नळीत दाबून) वर हीट श्रिंक (तापवल्यावर आवळणारी नळी); वायर पिळून टेप गुंडाळलेला जोड दहा अँपियरला टिकत नाही.

"फॅन डायरेक्ट करून देतो" हा सल्ला घेऊ नका. चावी फिरवली की फॅन कायम चालू, म्हणजे हायवेलाही विनाकारण दहा अँपियरचा भार आणि मोटरचे कार्बन (आत घासत करंट देणारे ब्रश) लवकर संपणार. पुष्कळदा ही जोडणी पातळ वायरीनं, फ्यूजशिवाय केलेली असते. ती तापून पेट घेऊ शकते. डॅशबोर्डवर बटण काढून दिलं तर ते लावायचं एखाद्या दिवशी राहून जातं. घाटात अडकलात तर घरी पोचेपर्यंत फ्यूज घालून जंपर ठीक, त्यापुढं नाही.

मोटरच बदलायची ठरली तर

आधी एकदा जुन्या मोटरला थेट बॅटरीवरून वीज द्या, मोटर चौकटीत घट्ट बसलेली असताना आणि हात लांब ठेवून. फिरली नाही तर पाठीवर लाकडी दांड्यानं हलकेच ठोका. ठोकल्यावर फिरली तर कार्बन संपलेत. उघडता येणाऱ्या मोटरीत ते बदलून काही काळ चालतं, पण ज्याला दर आठवड्याला चोर्ल्यातून ये-जा करायची आहे त्यानं नवीच घालावी.

नवी मोटर घेताना जुनी सोबत न्या. शाफ्टची जाडी, बोल्टांची भोकं, कपलर आणि वॅट, चारही जुळायला हवेत. बसवल्यावर पुढच्या जाळीवर कागद धरा: फॅन रेडिएटरच्या मागे असेल तर कागद जाळीला चिकटायला हवा. उडून लांब जात असेल तर वायरी उलट्या लागल्यात, फॅन समोरच्या वाऱ्याविरुद्ध फुंकतोय. हा दोष काहीच नसल्यापेक्षा वाईट, कारण फॅन फिरताना दिसतो आणि कुणाला शंका येत नाही.

ज्यांच्या दारी दोन-चार गाड्या आहेत त्यांनी पुढची खरेदी म्हणून क्लॅम्प मीटर घ्यावा, पण डीसी करंट मोजणाराच. स्वस्तातले बहुतेक क्लॅम्प मीटर फक्त एसी करंट मोजतात आणि गाडीच्या वायरीवर शून्य दाखवतात. डब्यावर "डीसी अँपियर" लिहिलंय ते बघून घ्या. युनी-टीचा यूटी २१० ई या कामाला चांगला. फॅनच्या एका वायरीभोवती जबडा लावला की जोड न सोडता करंट कळतो: १२० वॅटच्या मोटरला दहाच्या आसपास. पंधरा-अठरा दिसला तर बुश घासतोय, फ्यूज आज ना उद्या उडणार. तीन-चार दिसला आणि पातं आळसावून फिरतंय, तर कार्बन किंवा जोड.

गुण द्यायचेच तर फॅनच्या कामात २१ वॅटच्या लॅम्पला पाचपैकी पाच, साध्या मल्टिमीटरला साडेतीन, डोंगलला २०१३ नंतरच्या गाडीसाठी साडेतीन आणि त्याआधीच्या गाडीसाठी एक.